चकाकीचा हिशेब

श्रोतेहो, मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. तेव्हा आज मी कापसाच्या भावाविषयी किंवा पीककर्जाविषयी काही सांगणार, अशी आपली समजूत झाली असेल तर ती मी आरंभीच दूर करतो. आज मी बोलणार आहे मोटारीच्या रंगाविषयी. ऊनपावसाने निस्तेज झालेला रंग पाण्याच्या पेपराने घासून, पॉलिश करून पुन्हा चकचकीत कसा करतात, हा माझा विषय. 'आमच्याकडे कुठली आली मोटार,' असे म्हणून रेडिओ बंद करू नका. ट्रॅक्टरचे बॉनेट, मोटारसायकलची टाकी, शाळेतले लोखंडी कपाट, या सर्वांच्या रंगाचे दुखणे एकच आणि औषधही बव्हंशी एकच. शिवाय या कामात मला जो धडा मिळाला, तो अखेर माझ्याच विषयातला निघाला. पण ते मागाहून.

अकोल्यास जठारपेठेत आमच्या घरासमोर एक कडुनिंब आहे आणि त्याखाली एक जुनी लाल मारुती आठशे उभी असते. माझे वडील शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशांतून त्यांनी ती घेतली आणि साठी उलटल्यावर ती चालवायलाही शिकले. वडील गेले, गाडी राहिली. कडुनिंबाची सावली सकाळपुरती. दुपारनंतर ऊन थेट गाडीवर. अकोल्याचे ऊन म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या श्रोत्यांना मी सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. दारांचा रंग बरा राहिला, पण टप आणि बॉनेट यांच्यावर जणू खडूची पूड चढली. एके दिवशी माझ्या मुलीने बॉनेटवर बोटाने आपले नाव लिहिले. धुळीत लिहिले असेल म्हणून मी पुसायला गेलो, तर बोटाला लागली ती धूळ नव्हती. फिकट गुलाबी भुकटी होती. रंगच सुटून येत होता.

असे का होते? रंगात मुख्यतः दोन वस्तू असतात. एक रंगद्रव्याचे बारीक कण आणि दुसरे त्या कणांना धरून ठेवणारे राळेसारखे बंधक. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू मिळून हे बंधक वरवरून तोडत जातात. सारवणातल्या शेणाचा बांध सुटला की माती पायाला लागू लागते ना, तसेच हे. बंधक गेले की रंगाचे कण मोकळे होतात आणि बोटाला भुकटी लागते. टप आणि बॉनेट यांच्यावर ऊन सरळ पडते, म्हणून ते आधी म्हातारे होतात.

आता माझा पराक्रम ऐका. एका रविवारी भर उन्हात मी स्वतःच कामाला लागलो. दुकानातून ६०० नंबरचा पेपर आणला. जोर लावला की काम लवकर होईल, हा हिशेब. बॉनेटच्या मधोमध जी उठावाची रेघ असते, तिच्यावर चार हात जोरात मारले आणि लाल रंगातून बोटभर रुंदीची करडी पट्टी वर आली. तो प्रायमर होता, म्हणजे रंगाखालचे अस्तर. वडिलांची गाडी सुधारायला गेलो आणि तिला जखम करून बसलो.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका पेंटरकाकांना बोलावले. सारा जन्म त्यांनी गाड्या रंगवण्यात घालवलेला. ते हसले नाहीत. अंगठा फिरवून त्यांनी ती पट्टी पाहिली आणि म्हणाले, "सर, कडेवर काहून घासलं? कडेवर रंग टिकतच नाई, तिथं तो पातळच असते."

मी म्हणालो, "काका, वरून चांगलं पॉलिश लावलं तर झाकलं नाही का जाणार?"

"तुमाले काय वाटलं, चमक डब्यात भरून येते? चमक रंगातच असते, सर. वरचं मेलेलं काढलं का ते दिसते. पण काढाले खाली रंग तं पाह्यजे!"

श्रोतेहो, या एका वाक्यात सारे शास्त्र आले. आपण भांड्याला कल्हई करतो तेव्हा कथलाचा थर वर चढतो. पितळी तांब्या चिंचेने घासतो तेव्हा उलट घडते. वरचा काळपट थर निघून जातो आणि आतले पितळ दिसते. मोटारीचे पॉलिश कल्हईच्या जातीचे आहे असे मी समजत होतो. ते निघाले चिंचेच्या जातीचे.

मग घासल्याने चमक येते ती कशी? शिक्षक श्रोत्यांना हे वर्गातही दाखवता येईल. शांत पाण्याने भरलेली परात उन्हात ठेवा. सूर्याचे बिंब तिच्यात स्वच्छ दिसते. पाणी ढवळा, बिंब फुटते. पृष्ठभाग सपाट असला की सारे किरण एकाच शिस्तीने परततात आणि त्याला आपण चकाकी म्हणतो. पृष्ठभाग ओबडधोबड असला की किरण दाही दिशांना पांगतात आणि वस्तू निस्तेज, पांढुरकी दिसते. प्रकाशाच्या लहरीची लांबी साधारण अर्धा मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रंगावरचे ओरखडे या लहरीच्या तुलनेत फार उथळ झाले, की प्रकाश त्यांची दखल घेत नाही आणि डोळ्याला पृष्ठभाग आरशासारखा वाटतो. ओरखडे पुरे नाहीसे होतात असे नाही बरे का. ते डोळ्याच्या हिशेबात धरण्याजोगे उरत नाहीत, इतकेच.

म्हणून या कामाची पद्धत क्रमाची. मोठ्या ओरखड्याची जागा लहान ओरखड्यांनी घ्यायची आणि लहानांची त्याहून लहानांनी. पेपरच्या पाठीवर आकडा असतो. हा क्रम मुळात चाळणीच्या भोकांवरून आला. आकडा मोठा तितका कण बारीक. १००० नंबरच्या कणाचा आकार सुमारे १८ मायक्रॉन, २००० नंबरचा सुमारे १०. पेंटरकाका १५०० पासून आरंभ करतात, मग २०००, मग मिळाला तर ३०००, मग रबिंग कंपाउंड आणि शेवटी बारीक पॉलिश. एखादी पायरी गाळली तर आधीच्या पेपरचे ओरखडे मागे राहतात आणि पॉलिश वाळल्यावर उन्हात वर येतात. कच्च्या पायावर पुढचा वर्ग चढवलेल्या मुलासारखे ते होते, हे शिक्षकांना अधिक सांगायला नको.

आता ज्याने माझे डोळे उघडले तो आकडा सांगतो. मोटारीच्या पत्र्यावरचे सर्व थर, म्हणजे अस्तर, रंग आणि त्यावरचा पारदर्शक थर, मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. वर्तमानपत्राचा कागद सुमारे ७० मायक्रॉनचा. म्हणजे पत्रा आणि पावसाळा यांच्यामध्ये उभे आहे ते वर्तमानपत्राच्या दोन पानांएवढे. आजच्या बहुतेक गाड्यांना रंगावर जो पारदर्शक लेप असतो, तो ३५ ते ५० मायक्रॉन, अर्ध्यापाऊण पानाइतका. घासायचे ते एवढ्यातूनच. त्यातही वरच्या भागात उन्हाला अडवणारी द्रव्ये असतात. लेप फार पातळ झाला तर गाडी आज चमकते आणि चार उन्हाळ्यांत तिचे पापुद्रे सुटू लागतात.

हा पाण्याचा पेपर आला कोठून, त्याची हकीकतही मनोरंजक आहे. १९२० च्या आधी घासकाम कोरडेच होई आणि कारखान्यांत धुळीचे लोट उठत. फिलाडेल्फियातले छपाईच्या शाईचे एक कारखानदार फ्रान्सिस ओकी यांनी पाण्यात न विरघळणाऱ्या डिंकाने कण चिकटवण्याची युक्ती काढली. मिनेसोटातल्या कंपनीने, आज जिला आपण थ्री-एम म्हणतो तिने, ती विकत घेतली आणि १९२१ साली हा पेपर बाजारात आणला. पाण्यामुळे धूळ बसली, पेपर भरून येईनासा झाला आणि काम गुळगुळीत होऊ लागले. मोटार रंगवणाऱ्यांनी तो लगेच उचलला.

त्याच सुमारास, १९२३-२४ मध्ये, अमेरिकेत ड्युको नावाचा रंग मोटारींवर आला. जुने वार्निशी रंग थरावर थर देऊन वाळायला आठवडे घेत. हा झटपट वाळे. आपल्याकडचे जुने पेंटर अजूनही फवाऱ्याच्या रंगाला सरसकट ड्युको म्हणतात. हा रंग कशाचा होता, ठाऊक आहे? कापसाचा! सरकीवर जी आखूड लव चिकटून राहते, तिच्यावर नत्राम्लाची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज होते आणि तेच या रंगाचे बंधक. जिनिंगमधून सरकीच्या गाड्या जाताना आपण जन्मभर पाहिल्या. त्या सरकीच्या अंगावर मोटारीची झिलई निजलेली असते, हे कुणाच्या ध्यानी येणार? हा रंग वाळला की पुरता चमकत नसे, त्याला घासून चमक आणावी लागे. रबिंगची कला गॅरेजांत रुजली ती या रंगामुळे.

आणखी एक. थ्री-एमचे रिचर्ड ड्रू नावाचे तरुण कर्मचारी हा पाण्याचा पेपर गॅरेजांतून तपासायला नेत. तेथे दुरंगी गाड्या रंगवताना कागद चिकटवायला वापरलेली पट्टी ओढली की ताजा रंगही उपटून येई आणि पेंटर शिव्या घालीत. ते ऐकून ड्रू यांनी १९२५ मध्ये हलक्या हाताने सुटणारी चिकटपट्टी तयार केली. तीच आपली मास्किंग टेप. मी जर घासण्याआधी बॉनेटच्या त्या रेघेवर ही टेप लावली असती, तर माझा रविवार वाचला असता.

पेंटरकाकांनी मग टप कसा केला, ते क्रमाने सांगतो. ज्याला स्वतः करून पाहायचे असेल त्याने नीट ऐकावे.

गाडी सावलीत घेतली आणि पत्रा हाताला थंड लागेपर्यंत थांबले. भरपूर पाण्याने धुऊन माती घालवली, कारण मातीचा एक कण पेपरखाली सापडला की तोच नांगरासारखा चालतो. मग दाराच्या आतल्या कोपऱ्यात, जेथे कोणाचे लक्ष जात नाही तेथे, पांढऱ्या फडक्यावर थोडे कंपाउंड घेऊन घासले. फडके लाल झाले. म्हणजे वर पारदर्शक लेप नाही, एकेरी रंग आहे. फडके रंगले नसते तर लेप आहे असे समजायचे. हा कस आधी लावावा.

नंतर सर्व कडांना आणि उठावाच्या रेघांना टेप लावली. पेपर पाण्यात भिजत घातला. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकले. पेपर बोटांखाली धरायचा नाही, कारण बोटांचा दाब सारखा नसतो आणि चर पडतात. काकांनी जुन्या रबरी चपलेचा सपाट तुकडा घेतला आणि पेपर त्याला गुंडाळला. हात सरळ रेषेत, हलका, पाणी सतत. पुढचा पेपर आडव्या दिशेने, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते कळते. दर थोड्या वेळाने पाणी पुसून पाहायचे. काकांनी घासण्याला जितका वेळ दिला, जवळजवळ तितकाच पाहण्याला दिला.

शेवटी कंपाउंड. जुन्या बनियनचे धुतलेले सुती कापड, थोडे कंपाउंड, लहान भाग. बफिंगचे यंत्र असेल तर ते एका जागी थांबवू नये. घर्षणाच्या उष्णतेने रंग करपतो, आणि कडेवर तर क्षणात जातो.

एक गोष्ट जीवाशी संबंधित आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. त्यामुळे कोरडे घासू नये; घासलेच तर नाकावर चांगला मास्क हवा. गढूळ झालेले पाणी विहिरीजवळ किंवा गुरांच्या वाटेवर ओतू नये. आणि दोन भाग मिसळून फवारण्याचे जे आजचे रंग आहेत, त्यांत आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. फवारताना ते श्वासात गेले तर दमा जडतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवू शकत नाही. गॅरेजात उमेदवारी करणाऱ्या मुलाला मालकाने आधी योग्य मास्क द्यावा, मग फवाऱ्याची पिचकारी.

आता बॉनेटचे काय झाले? त्या करड्या पट्टीवर पॉलिश करण्यात अर्थ नव्हता. तेवढ्याच जागी नवा रंग मारला तर जुन्या लाल रंगाशी तो जुळेना. शेवटी पूर्ण बॉनेट रंगवून घ्यावे लागले. आज ते झगझगीत आहे, पण ते विकत घेतलेले तेज आहे. टपावरचा रंग मात्र वडिलांच्या वेळचाच. कडुनिंबाच्या फांद्या आता त्यात दिसतात.

चमक आली की ती टिकवायची कशी? रंग घासून आपण जे गमावतो ते पुन्हा येत नाही. म्हणून पुन्हा घासण्याची वेळ लांबवणे हीच खरी निगा. ओरखडे पडतात ते बहुतेक आपल्याच हाताने. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकण्याची आपल्याला सवय आहे. त्या फडक्याखाली धुळीचे कठीण कण असतात. उन्हात गाडीकडे पाहिले की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात ना? ते ओरखडे खरे तर सर्व दिशांना असतात. प्रकाशाला आडवे असलेले तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळे भासतात. नव्या स्टीलच्या ताटात दिव्याखाली हेच मुलांना दाखवता येईल. तेव्हा आधी पाणी, मग फडके.

पण पाण्यातही एक मेख आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत, आपला खारपाणपट्टा पसरला आहे. त्या विहिरीबोअरचे पाणी गाडीवर ओतून ती उन्हात वाळू दिली, तर पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. तेच ते पांढरे गोल डाग. ते जुने झाले की पुन्हा घासण्याखेरीज जात नाहीत. म्हणून गाडी धुतली की स्वच्छ सुती कापडाने लगेच टिपून घ्यावी. पाखरांची घाणही त्याच दिवशी भिजवून काढावी.

आणि वर्षातून दोन-तीनदा मेण लावावे. हे मात्र कल्हईच्या जातीचे. ब्राझीलमधल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवर कार्नोबा नावाचे मेण धरते. मोटारीच्या चांगल्या मेणात ते असते. मेण उन्हाने, पाण्याने झिजते. ते झिजले तरी हरकत नाही, कारण ते पुन्हा लावता येते.

श्रोतेहो, आता माझा विषय आलाच म्हणायचा. मेण हे व्याज आणि रंग हे भांडवल. व्याज खर्चावे, पुन्हा मिळवावे. भांडवलाला हात लावायचा तो अडचणीच्या वेळी आणि मोजून. दर दिवाळीला रबिंग करून घेणारा माणूस मला बियाण्याची ज्वारी दळून आणणाऱ्या शेतकऱ्यासारखा वाटतो. त्या दिवशी भाकरी गोड लागते. मृगाचे दिवस आले की घरात बी नसते.

काम आटोपल्यावर काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली. डाव्या मागच्या दारावर हातभर लांब एक ओरखडा आहे. वडील गाडी शिकत होते तेव्हा आमच्याच फाटकाला घासून तो पडला. त्या दिवशी ते खाली उतरले, ओरखडा पाहिला आणि मला म्हणाले होते, "पहिल्या परीक्षेत नापास!" काकांनी त्यावरून नख फिरवले. नख अडकले. नख अडकले म्हणजे ओरखडा खोल. तो घासून निघत नाही, त्याआधी रंगच संपतो.

"हा काढाचा असंन तं दार रंगवा लागते, सर. काढू का?"

पोळ्याला आपण बैलाची शिंगे तासून गुळगुळीत करतो आणि मग हिंगूळ लावतो. जाणता गडी तासता तासता एका ठिकाणी हात आवरतो. त्यापुढे जिवंत शिंग असते, हे त्याला ठाऊक असते. मला ते बॉनेटवर ठाऊक नव्हते. दारापाशी मात्र कळले.

मी म्हणालो, "राहू द्या, काका."